चढताना घाम, उतरताना वारा : बर्फावरच्या पँटचा इतिहास

आजचा विषय जाहीर झाल्यावर काही जणांनी आम्हाला विचारलं, की इतिहासाच्या व्याख्यानात पँट कुठून आली? कोलोरॅडो, सिअ‍ॅटल, झुरिक अशा ठिकाणी राहणारे आपले काही श्रोते हिवाळ्यात स्की घेऊन डोंगरात जातात. सॉफ्टशेल घ्यावी की हार्डशेल, हा प्रश्न घेऊन ते दुकानात उभे असतात. दुकानदार त्यांना आकडे दाखवतो. आमचं म्हणणं असं, की हा प्रश्न आकड्यांनी सुटत नाही, कारण तो दीडएकशे वर्षांच्या एका भांडणातून आलेला आहे. ते भांडण समजलं तर निवड बरीच सोपी होते.

आधी शब्द नीट करून घेऊ. स्की-टूरिंग म्हणजे लिफ्ट न वापरता स्वतःच्या पायांनी डोंगर चढायचा आणि मग स्कीवरून उतरायचं. चढताना स्कीच्या तळाला केसाळ पट्टे चिकटवतात. केसांची दिशा अशी, की स्की पुढे सरकते पण मागे घसरत नाही. पूर्वी हे पट्टे सीलच्या कातड्याचे असत. आज ते मोहेरचे किंवा नायलॉनचे असतात, तरी फ्रेंच लोक त्यांना अजून सीलचं कातडंच म्हणतात. माथ्यावर पोचलं की पट्टे सोडवून कोटाच्या आत ठेवायचे आणि खाली सुटायचं. चढायला तीन तास लागले तर उतार वीस-पंचवीस मिनिटांत संपतो, असा साधारण हिशोब.

हार्डशेल म्हणजे आत एक पातळ पापुद्रा असलेलं कापड. पाणी आत येऊ द्यायचंच नाही, हा त्याचा धर्म. सॉफ्टशेल म्हणजे दाट विणीचं, ताणलं जाणारं कापड. ते वारा बराचसा अडवतं, वरवरचं पाणी झटकतं, आणि आतली वाफ जाऊ देतं. बाजारात पापुद्रा घातलेल्या काही कपड्यांनाही हेच नाव लावतात, आणि तिथून गोंधळ सुरू होतो. आम्ही आज सॉफ्टशेल म्हणू तेव्हा पापुद्रा नसलेली, असंच समजा.

आता मूळ भांडण. माणूस डोंगरात दोन पाण्यांच्या मध्ये सापडतो. एक बाहेरचं, म्हणजे पाऊस आणि बर्फ. दुसरं त्याचं स्वतःचं. या दुसऱ्या पाण्याचा पहिला चिकाटीचा अभ्यास पाडुआच्या सांतोरियो नावाच्या वैद्याने केला. हा माणूस तराजूला टांगलेल्या खुर्चीत बसून अनेक वर्षं स्वतःचं, खाल्लेल्या अन्नाचं आणि बाहेर टाकलेल्या मलमूत्राचं वजन करत राहिला. १६१४ साली त्याने निष्कर्ष छापले. खाल्लं-प्यायलं त्यातलं बरंचसं वजन न दिसताच शरीरातून निघून जातं, असं त्याला आढळलं. त्याला तो न जाणवणारा घाम म्हणत असे. नुसतं खुर्चीत बसलेल्या माणसाची ही गोष्ट, बरं का. पाठीवर ओझं घेऊन हजार मीटर चढणाऱ्याचं काय होत असेल?

शरीरशास्त्र आज काय सांगतं ते थोडक्यात पाहू. स्नायू जी ऊर्जा खर्च करतात तिचा जेमतेम चौथा हिस्सा कामी येतो, उरलेल्याची उष्णता होते. ती घालवायला घाम येतो. एक लिटर घाम वाळला तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. चालत असता तेव्हा हे वरदान आहे. पण तोच घाम कापडात अडकला आणि तुम्ही थांबलात, की तो तुमची उष्णता ओढत राहतो. शिवाय पाण्यातून उष्णता हवेच्या जवळजवळ पंचवीस पट सहज वाहते. उणे पंधरा तापमानात, वाऱ्यात, सोबत्याची बाइंडिंग तुटली म्हणून अर्धा तास उभं राहावं लागलं, तर ओली पँट हा गैरसोयीचा प्रश्न राहत नाही. शरीराचं तापमान उतरत जातं, आधी बोटं आणि मग विचार मंदावतात. डोंगरात थंडीने मेलेली माणसं नेहमी बर्फानेच भिजलेली असतात असं नाही.

आता इतिहासाकडे येऊ. १८८८ साली फ्रिट्यॉफ नान्सेन पाच सोबती घेऊन स्कीवरून ग्रीनलंडच्या बर्फाच्या पठारापलीकडे गेला, पूर्वेकडून पश्चिमेकडे. सहा जणांत दोघे सामी होते, सामुएल बाल्टो आणि ओले राव्हना. त्यांच्याकडे रेनडियरच्या कातड्याचे अंगरखे होते. नान्सेनने स्वतः मात्र अंगाला लागून लोकर, वर लोकर आणि सर्वांत बाहेर वाऱ्यासाठी पातळ कापडाचा पोशाख, अशी रचना केली. रात्री पारा उणे चाळीसच्या खाली जात होता. मग फर का नाही? कारण ही माणसं दिवसभर स्वतः घसरगाड्या ओढत होती. ओढणाऱ्याला फरमध्ये घाम फुटतो, तो गोठतो, आणि रात्री तीच फर बर्फाचं चिलखत होते. लोकरीचा गुण असा, की ती स्वतःत बरीच वाफ सामावून घेते आणि ओली झाली तरी थोडी ऊब राखते. आपल्याकडे धनगराची घोंगडी पावसात जड होते, पण आतला माणूस गारठत नाही, त्याचं कारण हेच. बाहेर थंडी किती, हा प्रश्न नान्सेनने दुसरा ठेवला. अंग काम किती करणार, हा पहिला. आमच्या मते डोंगरी पोशाखाच्या विचारातली ही सर्वांत महत्त्वाची पायरी आहे, आणि पुढच्या शंभर वर्षांत ती दोनदा विसरली गेली.

इंग्लंडमध्ये तोवर दोन टोकं तयार झाली होती. चार्ल्स मॅकिंटॉशने १८२३ मध्ये दोन कापडांच्या मध्ये रबराचा थर घालून पूर्ण जलरोधक कापडाचं पेटंट घेतलं होतं. पाणी आत येत नव्हतं आणि घाम बाहेर जात नव्हता. रेनकोट घालून आषाढात राजमाची चढलेल्या कोणालाही हे समजावून सांगायला नको. दुसरं टोक थॉमस बर्बेरीचं. बेसिंगस्टोकच्या या कापडवाल्याने गॅबर्डिन काढलं. त्याने विणण्याआधीच सुतावर पाणी झटकणारी प्रक्रिया केली आणि वीण इतकी दाट ठेवली की वारा आणि थेंब दोन्ही अडखळावेत. १८८८ मध्ये त्याचं पेटंट झालं, म्हणजे नान्सेनच्याच वर्षी. गॅबर्डिन पूर्ण जलरोधक नव्हतं आणि तेच त्याचं बळ होतं. आजच्या सॉफ्टशेलचा आजोबा कोण, असं विचारलं तर आम्ही याच कापडाकडे बोट दाखवू. जॉर्ज मॅलरी १९२४ साली एव्हरेस्टवर गेला तो रेशीम, सुती आणि लोकरीच्या पातळ थरांवर गॅबर्डिन घालून. १९९९ मध्ये त्याचं शव सापडलं, त्यावरच्या कपड्यांच्या अवशेषांवरून तसाच पोशाख शिवून २००६ मध्ये एव्हरेस्टवर घालून पाहण्यात आला. हलका, हालचालीला मोकळा आणि चालत असेपर्यंत पुरेसा उबदार, असा अनुभव आला. ‘चालत असेपर्यंत’ हे शब्द लक्षात ठेवा.

इथे एक मजेदार साक्षीदार बोलावू. मार्च १८९४. आर्थर कॉनन डॉयल दावोसला राहत होता, कारण त्याच्या पत्नीला क्षय झाला होता. शेरलॉक होम्सला त्याने नुकतंच धबधब्यात ढकललं होतं, त्यामुळे हात मोकळे होते. गावातल्या ब्रांगर बंधूंबरोबर तो स्कीवरून मायेनफेल्डर फुर्का ही सुमारे २४०० मीटर उंचीची खिंड ओलांडून आरोसाला गेला. वर्षअखेरीस ‘स्ट्रँड’ मासिकात त्याने त्याचं वर्णन लिहिलं. उताराचा एक मोठा भाग त्याने पायांवर केलाच नाही, बसून घसरत केला. हॅरिस ट्वीडच्या, म्हणजे जाड हातमाग लोकरीच्या कपड्यांत. शिंप्याने त्याला सांगितलं होतं म्हणे, की हे कापड कधी झिजत नाही. डॉयल म्हणतो, हा सिद्धान्त शास्त्रीय कसोटीला उतरत नाही, आणि त्या मालाचे नमुने खिंडीपासून आरोसापर्यंत पाहायला मिळतील. उरलेला दिवस त्याने शक्य तितकं भिंतीला पाठ लावून काढला.

विनोद सोडा, यात आपल्या विषयाचं सगळं सार आहे. चढताना ट्वीडने त्याला त्रास दिल्याची तक्रार नाही. ट्वीड फाटलं ते उतारावर, बसण्याच्या जागी. एकाच पँटकडून दोन परस्परविरोधी कामं करून घ्यायची असतात, ती ही अशी.

आमुंडसेनचं उदाहरण याच्या शेजारी ठेवू. १९०३ पासून जवळजवळ दोन वर्षं तो कॅनडाच्या उत्तरेला नेत्सिलिक लोकांमध्ये राहिला. कॅरिबूच्या कातड्याचे कपडे ते सैल घालत, आतून हवा खेळती राहील असे. त्याने ते मनापासून शिकून घेतलं. दक्षिण ध्रुवावर जाताना त्याने फर नेली आणि गॅबर्डिनही. स्कॉटकडे लोकर आणि गॅबर्डिन होतं. यावरून फर श्रेष्ठ आणि गॅबर्डिन कनिष्ठ, असा धडा पुष्कळ जण काढतात. आम्हाला तो उथळ वाटतो. आमुंडसेनच्या गाड्या कुत्रे ओढत होते, स्कॉटची माणसं शेवटी स्वतः ओढत होती. वाहनावर बसलेल्याचा किंवा शेजारून निवांत चालणाऱ्याचा कपडा ओझं ओढणाऱ्याला चालत नाही. काम बदललं की योग्य कपडा बदलतो.

तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्यांना इथे अ‍ॅरिस्टॉटल आठवेल. मध्य साधायचा तो वस्तूतला नव्हे, आपल्या संदर्भातला, हे सांगताना त्याने मायलो या मल्लाचं उदाहरण घेतलं होतं. मायलोला जेवढं अन्न कमी, तेवढंच नवशिक्याला जास्त. पँटच्या बाबतीतही दुकानात टांगलेला ‘सर्वोत्तम’ असा काही नसतो.

मग ही समज हरवली कशी? पहिलं कारण लिफ्ट. डिसेंबर १९३४ मध्ये एर्न्स्ट कॉन्स्टाम या अभियंत्याने स्कीबाजांना ओढून वर नेणारी लिफ्ट चालू केली, आणि कुठे? त्याच दावोसला. दोन वर्षांत अमेरिकेत सन व्हॅलीला खुर्च्यांची लिफ्ट आली. आता चढच संपला! माणूस घाम गाळत नव्हता, लोंबत्या खुर्चीत वारा खात बसत होता. त्याला हवी जाड, अस्तर भरलेली, बुडाला पाणी न लागू देणारी विजार. दुसरीकडे फॅशन आली. म्युनिकच्या मारिया बोग्नर यांनी १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला लोकर आणि हेलांका नावाचं ताणणारं स्विस नायलॉन मिसळून पायाला घट्ट बसणारी स्की-पँट काढली. ती इतकी गाजली की अमेरिकेत अशा पँटला ‘बोग्नर’ हेच नाव पडलं. ती चढण्यासाठी नव्हतीच, दिसण्यासाठी होती. पण इतिहासाची गंमत बघा, की ताणणारं सूत डोंगरावर आलं ते या दिखाऊ पँटमधून. सॉफ्टशेलच्या अंगातला निम्मा गुण तिथला आहे.

दुसरं कारण टेफ्लॉन. होय, नॉनस्टिक तव्यावरचंच. १९६९ मध्ये बॉब गोर यांनी ते झटक्यात ताणलं आणि सूक्ष्म छिद्रांचा पापुद्रा हाती आला. पाण्याचा थेंब छिद्रातून जात नाही, वाफेचा रेणू जातो. १९७० च्या दशकात गोर-टेक्सचे कपडे बाजारात आले. मॅकिंटॉश आणि बर्बेरी यांच्यातलं भांडण जणू कायमचं मिटलं, असं जाहिराती सांगू लागल्या. शोध मोठा होता, हे आम्ही अजिबात नाकारत नाही. पावसाळी डोंगरात त्याने जीव वाचवले असतील. पण भांडण मिटलं नव्हतं. वाफ पापुद्र्यातून जाते ती आत आणि बाहेर फरक असेल तेव्हा, आणि ठरावीक वेगानेच. चढणारा माणूस त्याहून जास्त घाम काढतो. बाहेर कडक थंडी असेल तर वाफ पापुद्र्यापाशी पोचताच तिचं पाणी होतं, कधी दंव होतं. आणि बाहेरच्या कापडावरची पाणी झटकणारी प्रक्रिया घासून-मळून गेली, की ते कापड पाणी पितं, ओला थर वाफेची वाट अडवतो, आणि गिऱ्हाईक समजतो की पँट गळते. गळत नसते. आतलाच घाम असतो.

दुकानदाराच्या आकड्यांचंही इथेच पाहू. कापडाचा वाफेला होणारा अडथळा मोजायची एक आंतरराष्ट्रीय पद्धत आहे, घाम गाळणाऱ्या तव्याची म्हणा. तवा ३५ अंशांवर ठेवतात आणि भोवतालची हवासुद्धा ३५ अंशांवर. कापडाकापडांची तुलना करायला ही पद्धत उत्तम. पण ३५ अंशांच्या हवेत स्कीवर कोण जातं? उणे दहामध्ये त्याच कापडात वाफेचं पाणी होईल का, हे तो आकडा सांगत नाही. मापन खोटं नसतं, ते वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर असतं.

चढ परत आला तो १९८० च्या दशकात. ऑस्ट्रियाच्या फ्रिट्स बार्थेल यांना जड स्की-सामान घेऊन माँ ब्लाँ चढल्यावर वैताग आला. त्यांनी बुटाच्या टोकाला दोन बारीक खिळ्यांत पकडणारी अगदी हलकी बाइंडिंग बनवली. डायनाफिट कंपनीने ती पुढे बाजारात आणली. पायाचं ओझं कमी झालं, लोक जलद चढू लागले, आणि जलद चढणारा जास्त तापतो. लिफ्टवाल्यांसाठी शिवलेल्या पँटमध्ये ते उकडून निघाले. उत्तर गिर्यारोहकांकडे तयार होतं. स्वित्झर्लंडच्या शोएलर गिरणीचं ताणणारं, दाट विणीचं कापड. अमेरिकेत वायोमिंगमधल्या जॅक्सनला १९९७ साली क्लाउडव्हेल नावाची छोटी कंपनी निघाली, तिने या कापडाचे कपडे शिवले, आणि अमेरिकेतली सॉफ्टशेलची लाट साधारण तिथून मोजतात. म्हणजे शंभर वर्षांनी आपण पुन्हा गॅबर्डिनशी आलो, फक्त आता ते ताणलं जात होतं.

मग पँटची निवड कोटाच्या निवडीहून अवघड का? हा मुद्दा फार कमी बोलला जातो. कोट तुम्ही दिवसातून दहा वेळा काढू-घालू शकता. चढताना पिशवीत, थांबलात की अंगावर. पँटचं तसं नाही. पायात ताठ बूट, बुटाला स्की, कमरेला पट्टे, उभा उतार आणि वारा. तिथे पँट बदलायची म्हणजे बूट काढणं आलं. सकाळी घातली ती घातली! म्हणून कोटाच्या बाबतीत तडजोड टाळता येते, पँटच्या बाबतीत ती घरूनच करून निघावं लागतं. मांडीच्या बाहेरून उघडणारी लांब झिप हा या अडचणीवरचा शहाणा उपाय आहे. चढताना उघडी, माथ्यावर बंद. बाजूने पूर्ण उघडणारी हार्डशेल पिशवीत ठेवणारेही आहेत. ती बुटावरून चढवता येते, पण वजन दुप्पट.

आमचा कौल विचाराल तर असा. कोरड्या, थंड बर्फाच्या प्रदेशात, म्हणजे कोलोरॅडोत किंवा आल्प्सच्या भर हिवाळ्यात, सॉफ्टशेल घ्यावी. उणे दहाचा बर्फ कापडावरून झटकला जातो, भिजवत नाही. शत्रू घामच असतो. सिअ‍ॅटलजवळच्या कॅस्केड पर्वतात किंवा स्कॉटलंडमध्ये समुद्राची ओल असते, बर्फ जड आणि पाणचट पडतो, कधी पाऊसच येतो. तिथे हार्डशेलचा दावा खरा आहे, उकडलं तरी. वसंतात पहाटे कडक आणि दुपारी चिखलासारखा बर्फ असतो, तेव्हा गुडघे आणि बूड तेवढं जलरोधक आणि बाकी सॉफ्टशेल अशी मिश्र पँट बरी. टेकलेल्या गुडघ्याखाली दाबाने पाणी आत शिरतं, बसलेल्या बुडाखालीही. डॉयलने दाखवून दिलेली जागा तीच.

हात लावून पाहायच्या गोष्टी थोड्याच आहेत. कापड तोंडाशी धरून जोरात फुंका. हवा मुळीच पलीकडे गेली नाही तर आत पापुद्रा आहे, लेबल काहीही म्हणो. सहज गेली तर कड्यावरच्या वाऱ्यात मांड्या बधिर होतील. कष्टाने थोडी गेली पाहिजे. मग आत घालायची गरम विजार घालून, स्वतःचे बूट चढवून, गुडघा छातीपर्यंत उचलून पाहा. पायाचं तोंड बुटावर बसतं का, आणि आतल्या बाजूला जाड कापडाचा तुकडा आहे का? स्कीची पोलादी धार तिथे पँट कापते, आणि एकदा कापली की बर्फ खालून वर शिरतो. मागची बाजू कमरेवर उंच असावी.

अलीकडे यात एक नवा पेच आला आहे. पाणी झटकणारी ती प्रक्रिया बरीच वर्षं फ्लोरिनयुक्त रसायनांची होती, ज्यांना पीफास म्हणतात. ती निसर्गात जवळजवळ नष्टच होत नाहीत. स्कीच्या स्पर्धांमध्ये फ्लोरिनचं मेण २०२३-२४ च्या हंगामापासून बंद झालं. कॅलिफोर्निया आणि न्यूयॉर्क राज्यांनी २०२५ पासून कपड्यांतल्या पीफासवर बंदी आणली, अतिपावसासाठीच्या खास कपड्यांना थोडी मुदत देऊन. नव्या प्रक्रिया पाणी झटकतात, पण तेल आणि मळ तितका झटकत नाहीत, त्यामुळे पँट लवकर पाणी पिऊ लागते. ती जास्त वेळा धुवावी लागते आणि लेबलवर सांगितलं असेल तर सौम्य उष्णतेने वाळवावी लागते, म्हणजे झटकणं परत येतं. काही कारखाने पुन्हा लोकर मिसळलेल्या आणि नुसत्या दाट विणीवर भिस्त ठेवणाऱ्या कापडाकडे वळले आहेत. नव्या पँटच्या लेबलवर लोकरीची टक्केवारी दिसली तर ती वाचून पाहा. पुढच्या वेळी आपण बुटांकडे वळू. प्रश्न असतील तर आता घेऊ.